सुमी टीव्हीवर आन मी पत्र्यावर

पालम भागात टीव्ही म्या आनला. म्हंजे एसटीच्या टपावरून उतरवला आन खांद्यावर घिऊन शेठच्या दुकानापस्तोर आनला. इकत घेनारा येगळा, चालवनारा येगळा, आन म्या तर त्यो वाटनं उलटा धरलता म्हनून शिव्या बी खाल्ल्या.

या अंकाचे साहेब म्हनले, सोपानराव, तुमच्या धंद्यातलं काई तरी लिहा. म्या म्हनलं, साहेब, मला सही येती, ती बी रोज येगळी. मंग आसं ठरलं की मी बोलायचं आन सूनबाईनं लिहायचं. तिनं पयल्याच दिवशी सांगितलं, "मामा, तुमचं शुद्ध करत बसले तर फुडची दिवाळी यील." म्हनून जसं हाय तसं हाय.

शेठचं दुकान म्हंजे कर्ण्याचं. लग्न आसो, सप्ता आसो, पुढाऱ्याची सभा आसो, कर्णा, बॅटरी आन माईक भाड्यानं द्यायचा. मंग टीव्हीचं येड आलं आन शेठनं एक काळा-पांढरा सेट भाड्याला ठिवला. गावात लाईट आसली तर ठीक, नसली तर ट्रकची बॅटरी. ती बॅटरी मी वाह्यचो. आमच्या धंद्यातला मानूस पँटीवरून वळकायचा. बॅटरीतलं तेजाब सांडलं की पँटीला भोकं पडायची. माझ्या सासऱ्यानं मला पयल्यांदा बघितलं तवा त्येला वाटलं, जावयाला उंदरं कुरतडायलेत.

आता काम काय, ते सांगतो. टीव्हीचं चित्र परभणीच्या टॉवरवरून यायचं. त्येला धरायला उंच पाइपावर अँटेना बांधायचा, अल्मिनच्या काड्याचा, आन त्येचं तोंड परभणीकडं करायचं. नीट बसला न्हाई तर काचंवर नुसत्या मुंग्या पळायच्या. एक गिऱ्हाईक तर दुकानात यिऊन म्हनलं, "सोपान, लय मुंग्या झाल्यात, पावडर मारू का?" मंग वर एक मानूस, खाली एक मानूस. वरच्यानं पाइप फिरवत वरडायचं, "आलं का?" खालच्यानं वरडायचं, "आलं, आलं… गेलं!" माझी आख्खी नोकरी या दोन शब्दावर झाली. आन मी कायम वरचा. कामून तर मला टीव्हीच्या पुढं बसवलं की मी काम सोडून टीव्हीच बघायचो.

गिऱ्हाईकं बी एकेक. चुडाव्याला टेशनाजवळ एका घरावर अँटेना लावला. गाडी आली की चित्र थरथर करायचं. मालक म्हनला, "ह्येचं काई तरी कर." म्या म्हनलं, "टेशन मास्तरला सांगून बघतो." आन मी खरंच गेलतो. मास्तरनं मला पानी पाजलं आन म्हनला, "बस जरा, सावलीत बस." आजूक एका गावात मॅच बघायला लोक जमले. बॅटरी दुकानात रातभर चार्जिंगला लावलती म्या, पन खटका दाबायचा राहिलता. लोकानं काई मारलं न्हाई. नुसती माझी सायकल ठिऊन घेतली. ती आजून तिथंच हाय.

आसं माझं नाव झालेलं. आन तवाच लिंबाजी दुकानात आला.

लिंबाजी म्हंजे पालमच्या आतल्या अंगाला एक वाडी हाय, तिथला मेंढरंवाला. वाडीचं नाव सांगत न्हाई, मानसं हायात हायत. लिंबाजी बोलायला लय कमी. मेंढरामागं फिरून फिरून त्येला मानसाशी बोलायची सवय राहिली नव्हती. संगं वाडीच्या शाळंचे गुरुजी होते. तेच बोलले.

मामला आसा होता. मुंबईच्या टीव्हीवर एक सामना लागायचा, अक्षराचा आन आकड्याचा. शाळंची पोरं घ्यायचे त्यात. फळीवर अक्षरं मांडायचे, त्यातली उचलून ज्यानं त्यानं शब्द करायचा. काना-मात्रा आपला आपुन लावायचा. मंग आकडे द्यायचे, आन एक मोठा आकडा सांगायचे. बेरीज करा, गुना, काई करा, पन त्यो आकडा आला पाह्यजे. संगं घड्याळाची टकटक. मला यातलं काईच येत न्हाई, म्हनून मला त्यो सामना लय आवडायचा. दुसऱ्याला घाम फुटलेला बघायला बरं वाटतं.

तर लिंबाजीची पोरगी सुमन, नववीत. डोक्यानं लय तेज. परीक्षा घेत घेत ती पार वर गेली आन सामन्याला निवडली. गुरुजी आन त्येंच्या बाई तिला घिऊन मुंबईला गेले. आठवडाभरानं परत आले. सामना तिथं भरून ठिवलेला, दाखवनार मंग.

आन त्या मधल्या काळात वाडीची जीभ सुटली. वाडीत धोंडूतात्या म्हनून एक बागायतदार होता. मानूस वाईट न्हाई, पन पारावर बसला की त्येच्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्यो म्हनला, "मेंढरं हाकनाराच्या पोरीला मुंबईवाले टीव्हीत घेतेत व्हय? आमच्या पोराला तालुक्याला कोन इचारत न्हाई. कुठं गेलती, काय गेलती, देव जाने." बस. तात्या तेवढंच बोलला, पन बाकीच्यानं ते वाढवलं. पानी भरायला गेली की बाया गप व्हायच्या. सुमीनं किती बी सांगू द्या, मुंबईत गाडी आशी होती, खोलीत दिवे आसे होते, लोक नुसते हसायचे.

सामना टीव्हीवर कवा दाखवनार ती तारीख सांगून गुरुजी थांबले. मंग लिंबाजीनं तोंड उघडलं.

"चित्र यील का?"

"यील की," म्या म्हनलं.

"आलं तर पोरगी शाळंत जाईल. न्हाई आलं तर मी तिला मेंढरामागं नेतो. मला रोज ऐकून घेनं व्हत न्हाई."

शेठ माझ्याकडं बघायला, मी बॅटरीकडं. शेठ हळूच म्हनला, "खटका दाबजो बरं."

त्या दिवशी मी खटका दाबला. दाबून बी बघितला, हात लावून बी बघितला, शेठच्या बायकोला बी दाखवला. पन निघायच्या दिवशी बंद. नामांतराची वर्षं ती. मामला तापला की एसटी पयली बंद व्हायची. मंग लिंबाजीनं बैलगाडी आनली. टीव्ही गोधडीत गुंडाळला आन मी त्येला मांडीवर घिऊन बसलो. माझ्या लेकराला बी मी कधी आसं धरलं नव्हतं. हे बायको आजून म्हनती.

वाडीत आलो तर टीव्ही कुठं ठिवायचा ह्येच्यावर वाद. कुनी म्हनलं देवळाच्या पारावर. गुरुजी म्हनले, "शाळंच्या वट्ट्यावर ठिवा. तिथं सगळ्यायला बसता येतंय." गुरुजीच्या पुढं कुनी बोललं न्हाई. शाळा दोन खोल्याची, वर पत्रे. म्या टीव्ही वट्ट्यावर मांडला, टीव्हीच्या तोंडाशी माईक बांधला, पत्र्यावर कर्णा लावला, म्हंजे मागच्याला चित्र न्हाई दिसलं तरी आवाज जाईल. मंग पाइपाला पाइप जोडून अँटेना उभा करायला लागलो.

तेवढ्यात खालून आवाज आला, "सोपाना, थांब!"

सुमीची आजी, साखराबाई. म्हातारी काटकुळी, पन आवाज माझ्या कर्ण्याहून मोठा. शाळंच्या शेजारीच खंडोबाचं देऊळ. कळस बुटका, पन मान मोठा. वाडीत कळसाहून उंच काई रवायचं न्हाई. घर न्हाई, वासा न्हाई, निशान न्हाई. आन माझा पाइप कळसाच्या वर चाललेला.

म्या म्हनलं, "आजी, तुमच्याच नातीसाठी हाय हे."

"माझ्या नातीसाठी देवाला खाली बघायला लावू का रे? उतरव."

उतरवला. कळसाच्या खाली धरला की नुसत्या मुंग्या. वर नेला की चित्र. पुन्हा खाली, मुंग्या. लोक जमायलेत, वेळ जवळ यायलेला, लिंबाजी कोपऱ्यात उभा राहून जमिनीकडं बघायला. सुमी आईजवळ बसलेली. तात्या म्होरं खाट टाकून बसले. म्हनले, "सोपान, चित्र मुंबईहून निघालं का न्हाई आजून?"

मला घाम फुटला. म्हातारीनं एकदा नातीकडं बघितलं, एकदा कळसाकडं. मंग म्हनली, "चुना द्यायला मानूस चढतोच की कळसावर. मानसाच्या हातात आसलं तर देवाला चालतंय. रवलेलं चालत न्हाई."

आसा माझा खांब झाला. शिडी लावली, पत्र्यावर चढलो, भिंतीच्या कडंवर पाय रवले, म्हंजे पाय ठिवले, रवायचं तर न्हाईच, आन दोन्ही हातानं पाइप धरून उभा राहिलो. दिस बुडायला आलता, पन पत्रा दिवसभराचा तापलेला, तळपाय भाजायलेले. कानाला कर्णा. टीव्ही माझ्या पायाखाली. मला काय दिसायचं? समोर बसलेल्याची तोंडं. सामना म्या तोंडावरच बघितला.

वाजायला लागलं. बाईचा गोड आवाज आला, आज आपल्याकडं कोन कोन आलंय. एक पुन्याचा पोरगा, एक मुंबईची पोरगी, आन परभणी जिल्ह्यातली सुमन. कर्ण्यातून नाव आलं आन समोरची तोंडं कर्ण्याकडं वळली.

तात्या म्हनले, "नाव कोनाचं बी घेता येतंय. तोंड दाखवा. नुसत्या मुंग्या हायत इथं."

म्या पाइप उचलला. टाचा उचलल्या. जीभ बाहीर काढली, तिचा काई उपयोग नव्हता, पन काढली. "आलं का?"

"न्हाई!"

जरा डावीकडं. "आलं का?"

"न्हाई… थांब, थांब, हलू नको! आलं!"

खाली साखराबाईनं तोंडाला पदर लावला. "आगं बाई, ही तर आपली सुमी! आन येणी कोनी घातली गं तुझी आशी? एका बाजूला आलीय."

"गुरुजीच्या बाईनी घातली," सुमी खालून म्हनली. दिवसभरातलं तिचं ते पयलं बोलनं.

मला वाटलं झालं काम. पन तात्या खाटंवरून पुढं वाकले, बघितलं, आन म्हनले, "दिसायला तर तिच्यासारखीच हाय."

आता या मानसाला काय करावं! पाइप सोडून त्येच्या डोक्यात घालावा वाटला, पन पाइप सोडता येत नव्हता. लिंबाजी आजून उभाच. बसना.

सामना सुरू झाला. कर्ण्यातनं अक्षरं आली: घ, ग, र, व, त, क. टकटक टकटक. पुन्याच्या पोरानं सांगितलं, घागर. मुंबईच्या पोरीनं सांगितलं, वरात. आन मंग सुमीचा आवाज आला, बारीक, पन न अडखळता:

"वाघूर."

टीव्हीतले परीक्षक म्हनले, "काय म्हणालीस, बाळ? असा शब्द आहे का?"

वाघूर म्हंजे ज्येला माहीत न्हाई त्येच्यासाठी सांगतो. मेंढरं शेतात बसवतात खतासाठी, तवा त्येंच्या भवताली जी जाळी ताणतात ती वाघूर. कोल्हं-लांडगं आत यिऊ न्हाई म्हनून. वाडीतल्या तान्ह्या लेकराला बी ती माहीत. तात्याच्या वावरात तर दर साली लिंबाजीचीच मेंढरं बसायची, लिंबाजीच्याच वाघुरीत.

तात्या खाटंवरनं उठून उभे राहिले. मला वरून त्येंचं टक्कल लाल झालेलं दिसलं. टीव्हीकडं हात करून वरडले, "आरं हाय की! आसा शब्द हाय! मास्तर, माझ्या वावरात या, दाखवतो!"

"तात्या, त्येला तिकडं ऐकू जात न्हाई," गुरुजी म्हनले.

"न जाऊ द्या! आमची पोरगी खोटं सांगायलीय व्हय?"

आमची पोरगी. लिंबाजीनं मान वर केली.

टीव्हीतले परीक्षक म्हनले, "थांबा, आपण शब्दकोश बघू." पानं उलटल्याचा आवाज कर्ण्यातून माझ्या कानात. बाया उठून उभ्या. तात्या वरडायलेत, "हाय! हाय!" पोरं वरडायलीत, "हाय!" आन मला बी र्‍हावलं न्हाई. मी बी मानूसच हाय. म्या दोन्ही हात वर केले आन वरडलो, "वाघूर हाय! हाय!"

दोन्ही हात.

पाइप पत्र्यावर पडला. तिथून घरंगळत शाळंच्या मागं. अँटेनाच्या दोन काड्या वाकल्या, टीव्हीला जानारी पट्टीची वायर मधूनच तुटली. कर्ण्यात नुसता सूंऽऽ आवाज. खाली मुंग्याच मुंग्या.

नंतरच्या शिव्या सूनबाई लिहीत न्हाई म्हनायली. तात्या म्हनले, "सोपान्या, खाली ये, तुला वाघुरीत कोंडतो." वायर जोडायला वेळ लागनार होता, आन सामना काई आमच्यासाठी थांबनार न्हाई. मी पत्र्यावर मटकन बसलो. चटका बसला तरी उठलो न्हाई. मला वाटलं, बुडवलं. चित्र दाखवलं ते अर्धंच. लोक आता म्हनतील, बघा, सामना तर दिसलाच न्हाई. पोरगी मेंढरामागं, आन माझ्यामुळं.

पन खाली झालं येगळंच.

तात्या टीव्हीकडं पाठ करून सुमीपुढं यिऊन बसले. खाटंवर न्हाई, खाली मातीत. म्हनले, "बाय, तू तर तिथं होती. सांग ना, मंग काय झालं?"

सगळ्या वाडीनं तोंडं फिरवली. जी तोंडं टीव्हीकडं होती ती सुमीकडं. बाया सरकून जवळ आल्या, त्याच बाया, पानी भरताना गप व्हनाऱ्या.

सुमीनं बापाकडं बघितलं. मंग म्हनली, "सापडला शब्द. परीक्षक म्हनले, आहे. आन लोकानं टाळ्या वाजवल्या."

वाडीनं टाळ्या वाजवल्या. तात्यानं सगळ्यात जास्त.

"आन मंग?"

"मंग आकडे आले. पंचवीस, नऊ, तीन, दोन. करायचे दोनशे एकतीस." तिनं काडी घिऊन मातीत आकडे काढले. "म्या पंचवीस नव्वे दोनशे पंचवीस केले. मंग तीन आन दोन मिळवले. दोनशे तीस आले. एकानं हुकलं. पुन्याच्या पोरानं तिनाला दोननं गुनलं, त्येचं बरोबर आलं. मी दुसरी आले."

कुनी म्हनलं न्हाई, खरं का. कुनी हसलं न्हाई. धा-पाच जनं मातीतल्या आकड्यावर वाकले. तात्या बराच वेळ बोटं मोजत बसले, मंग म्हनले, "म्या बी मिळवलेच आसते. आन बाय, पयली आले म्हनली आसती तरी आमाला कुठं दिसायलतं?"

"पन मी दुसरीच आले," सुमी म्हनली.

"आन मंग? ते दिवे कसे होते म्हनलीस? सांग, सांग."

आन पोरगी सांगत राहिली. गाडी, दिवे, समुद्र, खोलीतला गारवा, सगळं. हेच सगळं तिनं आदी बी सांगितलतं. आता लोक मधीमधी "बाप रे" म्हनायले. मी वर पत्र्यावर बसून ऐकायलो. आयुष्यात एवढ्या टीव्ह्या लावल्या, पन एवढी शांत बसलेली मानसं म्या कोनत्याच टीव्हीपुढं बघितली न्हाईत. माझ्या छातीवरचा धोंडा कुनी तरी उचलून बाजूला ठिवला. एकच सल राहिली. त्यो सामना म्या आजपस्तोर बघितला न्हाई. परत कधी लागला बी न्हाई.

लिंबाजी पोरीच्या मागं यिऊन बसला. बसला एकदाचा. ती जरा थांबली तवा त्येनं गुरुजीला इचारलं, "सोमवारी शाळा कधी भरती?"

"नेहमीच्याच वेळंला," गुरुजी म्हनले.

"बरं," लिंबाजी म्हनला. झालं. त्येच्या मनानं ते भाषनच होतं.

मंग मला धीर आला. शिडीवरनं उतरलो, पँट झटकली, वाकलेला अँटेना काखंत मारला आन साखराबाईपुढं जाऊन उभा राहिलो. म्हनलं, म्हातारी आता पाठीवर हात ठिवनार. आपुन आपलं जरा पुढं केलं: "बघा आजी, कळसाच्या वर पाइप धरून उभा होतो, तळपाय भाजले, पन नातीचं तोंड वाडीला दाखवलं का न्हाई?"

म्हातारीनं मला खालून वर बघितलं.

"तेवढं काम तर बुजगावन्यानं बी केलं आसतं," ती म्हनली. "आन त्येनं मधीच हात सोडले नसते."